खूण बघायची अट

आमच्या गटातल्या मुनीचं वर्षभर एकच पालुपद होतं, "चाचणीत एकही दोष नाही." एरवी तो बोलायचाच नाही, म्हणून तर मुनी. पण एवढ्या मोठ्या प्रणालीत दोषच नाहीत, हे माझ्या गळी उतरत नव्हतं.

शेवटी एका दुपारी मीच कोड उघडला. आमची ऑपरेटिंग सिस्टीम श्वासाच्या यंत्रात चालते. तिचा मेमरी वाटून देणारा भाग, वापरून परत आलेल्या मेमरीच्या तुकड्यावर खुणेचे आकडे भरून ठेवतो. तोच तुकडा पुन्हा देताना खूण शाबूत आहे का, ते बघायचं. नसेल तर परत केल्यावरही प्रणालीच्या कुठल्यातरी भागाने चुकून त्यात लिहिलंय. खूण भरायची अट कोडमधल्या एका स्विचवर होती आणि बघायची दुसऱ्याच स्विचवर. तो दुसरा आम्ही मागेच काढून टाकला होता. खूण इमानेइतबारे भरली जात होती, बघत कुणीच नव्हतं.

"एका ओळीचं तर काम," मुनी म्हणाला. "उद्या कर."

"आत्ताच करते."

ताईचं दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ दवाखान्यात आमच्याच यंत्रावर होतं. मुनीला ते ठाऊक होतं.

अट दुरुस्त करून चाचणीचं यंत्र सुरू केलं. मुनी खरा ठरावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

फुप्फुसाच्या जागी लावलेला रबरी फुगा संथपणे वरखाली होऊ लागला. मग पडद्यावर लाल ओळ आली: खूण बिघडलेली. लगेच दुसरी. हवेचा दाब जिथे साठवतो, त्याच तुकड्यात कुणीतरी लिहून गेलं होतं. धोक्याची घंटाही त्याच आकड्यावरून वाजते. आणि हाच कोड बाळाच्या यंत्रात होता.

मुनीचा चेहरा पडला. "आधी साहेबांना सांगू. खात्री होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, तशी पद्धत आहे."

"खड्ड्यात गेली पद्धत," म्हणत मी फोन लावला.

"बोल गं," ताईचा आवाज जड होता. "आत्ताच जरा डोळा लागला होता."

"बाळाजवळ आहेस ना?"

"शेजारीच. इतके दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज म्हटलं, यंत्र माझ्या बहिणीचं आहे, काही बिघडलं तर ओरडेलच की. मग झोपले निर्धास्त."



"ते ओरडणार नाही, ताई. ऊठ. नर्सला बोलाव आणि दुसरं यंत्र लावायला सांग. ते लागेपर्यंत बाळाच्या छातीवरून नजर हलवू नकोस."