टाचणाबाहेरचा प्रश्न

फळ्यावर तारीख घालण्याआधी शांताने खडू मोडून अर्धा केला. अख्खा खडू कुरकुरतो, आणि कुरकुरणाऱ्या खडूचे बी.टी.चे परीक्षक गुण कापतात, असं कॉलेजात सगळेच म्हणत. मागच्या बाकावर परीक्षक म्हणून चिंतामणी सर बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर तिच्या पाठाचं टाचण, हातात लाल पेन्सिल. हा बी.टी.च्या, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदवीच्या, परीक्षेचा पाठ होता. यात पास झाली तर जूनपासून शाळेत नोकरी. नापास झाली तर आणखी एक वर्ष हेच, आणि दम्याने बेजार झालेल्या वडिलांची गिरणीतली पाळीही सुटायची नाही.

नळावरचं पाणी, स्वयंपाक, वडिलांचा डबा असं सगळं उरकून ती परळच्या या मुलींच्या शाळेत पोचली होती. भिवा गेल्यापासून आई चुलीपुढे बसे ती बसूनच राही. भिवा तिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, लालबागला गोळी लागून गेला. घरात मात्र ‘गोळी’ हा शब्द कुणी काढत नसे. ‘भिवा गेला तेव्हा’ एवढंच म्हणत. शांता आज इतकी दमली होती की परीक्षेची धड भीतीसुद्धा वाटत नव्हती.

पाठाचा विषय चिठ्ठी टाकून निघाला होता: जालियनवाला बाग. आता बी.टी.ची तऱ्हा अशी, की विषयाचं नाव शिक्षिकेने आपण होऊन सांगायचं नाही. प्रस्तावनेचे प्रश्न विचारून ते मुलींच्याच तोंडून काढायचं आणि मग जणू आपल्याला आत्ताच कळल्यासारखं फळ्यावर लिहायचं. शांताने प्रश्न तयार केले, माटुंग्याला जाऊन मैत्रिणीला, शैलाला, विचारून पाहिले. शैलाने भाजी निवडता निवडता बिनचूक उत्तर दिलं. दोघी बी.ए.ला इतिहासच घेतलेल्या. परळच्या तेरा वर्षांच्या पोरीला आधी विचारून पाहावं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

“निःशस्त्र लोकांच्या जमावावर सरकारने गोळ्या झाडल्या, असं ठिकाण कोणतं?”

अर्ध्याहून जास्त वर्गाचे हात वर गेले. शांताला बरं वाटलं. तिने पहिल्या बाकावरच्या अंबिकाला उठवलं.

“लालबाग, बाई.”

मागे पेन्सिल थांबली. चुकीच्या उत्तरापाशी घोटाळू नये, सौम्यपणे पुढे जावं, हे वर्षभर तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

“नाही. बस. दुसरी कोण सांगेल?”

“ठाकुरद्वार!”

“नाही.”

“फाउंटन, बाई. माझे काका तिकडेच होते, त्यांच्या—”

“नाही. खाली बस.”

हात भराभर खाली आले. शेवटी कांता नावाच्या एका चलाख मुलीने टेबलावरच्या गुंडाळलेल्या चित्राच्या कडेवरचं नाव वाचलं आणि भीत भीत म्हणाली, “जालियनवाला बाग?”

“शाब्बास!”

पुढचा पाठ सुरळीत झाला. चित्र टांगलं, नकाशात अमृतसर दाखवलं, फळ्यावरचा सारांश ओळीत उतरला. अंबिका तेवढी पाठ संपेपर्यंत बाकाकडे बघत बसली होती.

उजळणीला शांताने तिलाच उठवलं.

“निःशस्त्र लोकांवर गोळीबार कुठे झाला?”

“अमृतसरला, जालियनवाला बागेत.” अंबिकाने पाढा म्हटल्यासारखं सांगून टाकलं.

पोरगी शिकली होती. दारासमोरच्या रस्त्यावर जे झालं ते उत्तरात धरायचं नसतं, हे शांताने तिला एका तासात शिकवलं होतं. शांताला स्वतःची भयंकर लाज वाटली. ‘शाब्बास’ ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

“आणि?”

अंबिकाने मान वळवून मागे सरांकडे पाहिलं.

“तिकडे नको बघू. माझ्याकडे बघ. आणि कुठे?”

“लालबागला, बाई.”

“बरोबर,” शांता म्हणाली. “बस.”

घंटा झाली. मुली डबे घेऊन बाहेर पळाल्या. शांता फळा पुसत राहिली. आणखी एक वर्ष, तिने मनाशी धरून टाकलं. चिंतामणी सर बाकांमधून पुढे आले.

“तुमचा शेवटचा प्रश्न टाचणात नाही.”

“नाही, सर.”

“टाचणाबाहेरच्या प्रश्नाला मला गुण देता येत नाहीत.”

“हो, सर.”

सरांनी टाचण टेबलावर ठेवलं. लाल पेन्सिल खिशात घातली आणि स्वतःचं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

“मग घाला टाचणात. मी थांबतो.”

तिने पेन घेतलं.

“अपेक्षित उत्तरही लिहा. ठिकाण, तारीख, सगळं. इतिहासाचा पाठ आहे, मोघम चालायचं नाही.”

शांताने प्रश्न लिहिला. त्यापुढे लालबाग लिहिलं. तारीख तिला कुठे शोधायला लागणार नव्हती, तरी तिला लिहायला फार वेळ लागला. सर खिडकीशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.