नसलेलं सुतक

दुपारच्या सामसुमीत गॅसवरच्या पातेल्यावरची ताटली थडथडायला लागली.

रुक्मिणबाई जागच्या हलल्या नाहीत. पातेल्यात चिमटा आणि कात्री उकळत होती, आणि वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं हा त्यांचा हिशेब होता. ताटलीच्या आवाजानं सून मात्र आतून आली, हात पदराला पुसत.

"आत्या, कुणासाठी उकळून राहिलात?"

"मलप्पाण्णासाठी. आज नववा दिवस हाय. लातूरला पोरीकडं किती दिवस राहतंय माणूस? आला असंल तर येईल आज."

वर्षाराणीनं गॅस बारीक केला. खाली फरशीवर सहा वर्षांची सुकन्या वहीत फुलं रंगवत बसली होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "मलप्पाआज्जा लातूरला गेलेच न्हाईत, आजी. काल त्यांची शिवम्माआज्जी आली होती की फाटकाशी."

"मग आत का न्हाई आली?"

"पप्पा म्हणले, घरात सुतक हाय. दहा दिवस आजीला कुणाला शिवता येत न्हाई. मागं आज्जा स्वतः आलते तवाबी तसंच म्हणले. मग ते लंगडत गेले."

रुक्मिणबाईंनी सुनेकडं पाहिलं. वर्षाराणीची नजर पातेल्यावरून हलेना.

"मी म्हणलं होतं त्यांना," ती पुटपुटली. "असलं सांगू नका म्हणून. ते म्हणले, तुला काय कळतंय, आईच्या जिवासाठीच सांगून राहिलो."

रुक्मिणबाई उठल्या, चिमटा-कात्री पिशवीत टाकली. वीस मिनिटं व्हायला अजून सात होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती पुरी होऊ दिली नाहीत.

सदुसष्टीची ही बाई म्हणजे तेहतीस वर्षांची सरकारी नर्स. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, पण किल्लारीत कुणाला विचारलं तर रुक्मिणबाई निवृत्त कधी झाल्या हे सांगता आलं नसतं. कारण फरकच पडला नव्हता. सोमवारी समाजमंदिरात म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बीपी. गुरुवारी झोळीचा काटा खांद्याला अडकवून बाळंतिणींच्या दारोदार, पोरांची वजनं करायला. बाकी दिवस कुणाची भाजलेली मांडी, कुणाचं इळ्यानं कापलेलं बोट. कुणी भाजी देऊ लागलं की म्हणायच्या, "ठेव तुझी मेथी, आधी हात धू."

आणि या कामात त्यांचा भागीदार होता मलप्पा. सत्तरीचा शिलाईवाला. गिऱ्हाइकांच्या कपड्यातून उरलेल्या चिंध्यांची तो झबली शिवायचा, कडेला लाल गोट लावून. काट्याच्या झोळीत बसलेलं एकही पोर त्याच्या झबल्याशिवाय खाली उतरत नसे. त्याला साखरेचा आजार. आषाढात पायाच्या अंगठ्याखाली खिळा गेला आणि जखम चिघळली ती भरेचना. दोन महिने एक दिवसाआड रुक्मिणबाई पट्टी करत होत्या. जखम भरत येऊन हरभऱ्याएवढी उरली होती.

नऊ दिवसांपूर्वी त्या हापशीपाशी चक्कर येऊन बसल्या. झालं तेवढंच. पण मुलगा दयानंद कॉलेजात मास्तर, त्याला चारचौघांनी उचलून आणलेली आई दिसली आणि त्यानं फर्मान काढलं: आजपासून घराबाहेर पाय नाही, लोकांना यायचं तर ओसरीवर येऊ देत. आता कळत होतं की ओसरीचं दारसुद्धा त्यानं गुपचूप लावून घेतलं होतं. मलप्पा लातूरला गेलाय हे आईला सांगितलं होतं त्यानंच, जेवताना, भाकरी मोडता मोडता.

आणि आपण ते गिळलं, याचाच रुक्मिणबाईंना संताप आला. वर आठ दिवस रुसून बसलो, जाताना म्हातारा एका शब्दानं बोलला नाही म्हणून. सुकन्येला चार घरं पलीकडं पिटाळलं असतं तरी खरं कळलं असतं.

मलप्पाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. रुक्मिणबाई उन्हात अनवाणी निघाल्या हे त्यांना तिथं पोचल्यावर समजलं. दारातच वास आला. तेहतीस वर्षं नाकात बसलेला वास, त्याला पुस्तक लागत नाही.

मलप्पा खाटेवर पडून होता, अंगात ताप. पायाला पट्टी तीच, नऊ दिवसांपूर्वीची, त्यांच्याच हातची. पांढरी होती ती आता मातकट झाली होती, आणि तिच्या वर नडगीपर्यंत कातडी तकतकीत लाल.

"शिवम्मा, ही पट्टी कुणीच सोडली न्हाई?"

"अव्वा, तुमच्या हातची पट्टी," शिवम्मा म्हणाली. "आमी कशी सोडावी? लेक म्हणत होता सोडू का, मी म्हणलं, शिष्टरबाईनं बांधलंय, हात लावू नको."

"मग दवाखान्यात न्यायचं."

"उद्या दहा दिवस भरत होते की. म्हणलं, सुतक फिटलं की तुम्ही येतालच."

"तुमच्या लिंगायतांत सुतक पाळतच न्हाईत, शिवम्मा. एवढी वर्षं बघतेय मी. घरात मयत झाली तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी लिंगपूजा करता."

"आमी न्हाई पाळत," शिवम्मानं समजूत घालावी तसं सांगितलं. "पण तुम्ही पाळता ना. तुमच्या घरचा नेम आमी कसा मोडायला लावायचा?"

रुक्मिणबाईंनी कात्री काढली. पट्टी सुटत गेली तसे त्यांचे ओठ मिटत गेले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. कोळशासारखी. मलप्पा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता, पायाकडं नाही.

"झबली चौदा तयार हायेत, शिष्टरबाई," तो म्हणाला. "पेटीत हायेत. ग्वाट लावायचा राहिलाय दोनाला."

"गप पडा, अण्णा. जीप बोलवा रे कुणीतरी."

लातूरला पोचेपर्यंत त्यांनी मलप्पाचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला होता. डॉक्टर तरणा होता, सुकन्येच्या बापापेक्षाही लहान. त्यानं पाय पाहिला आणि विचारलं, "ड्रेसिंग कोण करत होतं?"

"मी."

"चांगलं केलं होतं, जखमेची कड भरत आलेली दिसतेय. मग मधेच बंद का केलं, मावशी?"

रुक्मिणबाईंना हजार माणसांनी हजार प्रश्न विचारले असतील. पण या पोराच्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर स्वतःच्या लेकाचं नाव घ्यावं लागत होतं.  तिसऱ्या दिवशी मलप्पाचा पाय गुडघ्याखाली काढला.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा दयानंद ओसरीवर वह्या तपासत होता. ओसरी चढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कापला."

दयानंदनं पेन खाली ठेवलं. "साखरेचा माणूस होता, आई. आज ना उद्या..."

"उद्याचं मला सांगू नको. माझ्या हाताखाली ती जखम हरभऱ्याएवढी झालती. हरभऱ्याएवढी! तुला हरभरा तरी म्हाईत हाय का?"

"तू हापशीपाशी पडलीस तवा माझं काय झालं तुला म्हाईत न्हाई. बाप गेलाय, आता आईबी गमवू का? तुला नको म्हणलं तर तू ऐकणार हायेस का? म्हणून सांगितलं लोकांनाच. आणि कॉलेजात काय बोलतेत ऐकायचं? सरांची आई लोकांचा पू पुसत फिरते. पेन्शन हाय, नात हाय, टीव्ही हाय. बस की सुखानं."

"बसू? बसले की मरीन मी. आणि मेल्यावर खरंच सुतक पाळ." रुक्मिणबाईंचा आवाज चढत नव्हता, हीच भीतीची गोष्ट होती. वर्षाराणी दाराआडून पुढं यायला धजली नाही. "लोकांचा पू म्हणतोस. भूकंपात तू दोन वर्षांचा होतास. तुला तंबूच्या खांबाला झोळीत अडकवून मी जखमा धूत होते. तुझ्या तोंडात घास घालणारे हात तेच होते. तवा किळस आली न्हाई तुला."

"तवा कळत नव्हतं मला."

"आता कळतंय, तर काय केलंस? मला दमलेली ठरवलंस. दमले असते तर मीच सांगितलं असतं, मला तोंड दिलंय देवानं. माझं वय झालंय, डोकं गेलेलं न्हाई. तू मला इचारलंस का एकदा? ना मला, ना त्यांना. तुझ्या मायेनं तू मला खोलीत कोंडलंस, आणि त्याचा पाय त्या दारात सापडला."

दयानंदनं समोरची वही मिटली. मग हळूच म्हणाला, "माझं चुकलं."

"मला सांगू नको. मलप्पाला सांग. घरी आला की चल माझ्यासंगं, त्याच्या म्होरं उभा राहा, आणि म्हण, सुतक नव्हतं, मी खोटं बोललो."

"आई, सांगून पाय परत येतो का? त्यांना वाटतंय आपल्या घरी मयत झालती. ते काय आपल्यावर रागावलेले न्हाईत. कशाला उकरायचं?"

रागावलेले नाहीत! रुक्मिणबाईंना वाटलं, वह्यांचा तो गठ्ठा उचलावा आणि अंगणात भिरकावून द्यावा. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, दारात येऊन बोंब मारली असती, तर त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या असत्या. पण समोरचा माणूस तुमच्या खोट्या नेमाचा मान राखत आपला पाय सडू देतो, त्याच्यापुढं कुठं तोंड लपवायचं?

बारा दिवसांनी मलप्पाला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुक्मिणबाईंनी पिशवी भरली. दयानंद पाठमोरा गाडी पुसत होता. त्या त्याच्या शेजारून गेल्या, थांबल्या, पाच मोजेपर्यंत उभ्या राहिल्या. तो पुसलेलाच आरसा पुन्हा पुसत राहिला. सुकन्या मात्र पळत आली आणि आजीच्या बोटाला लोंबकळली, तिला मलप्पाआज्जाची मशीन बघायची होती.

वाटेत त्या मनाशी शब्द जुळवत होत्या. फिरवून सांगायचं नाही. बसायचं, पट्टी सोडायची, आणि जखम उघडी असतानाच सांगायचं, म्हणजे त्यालाही आपला हात झटकून टाकता येईल.

मलप्पा मशीनपाशीच बसला होता, खुर्चीत. उरलेला डावा पाय पायट्यावर ठेवून तो एकट्या टाचेनं चाक फिरवून बघत होता. दोन फेरे होत आणि चाक उलटं फिरून दोरा तुटे.

"या, शिष्टरबाई. एका पायाचं मशीनला पटंना झालंय," तो हसला. "शिवम्मा, बाईला चहा ठेव. आन् चप्पल एकच झिजंल आता, दुसरी ठेव म्हणलं कुणाला तरी."

शिवम्मा हसली नाही. तिनं पाट आणून ठेवला. रुक्मिणबाई खाली बसल्या, हात धुतले, पट्टीची गाठ सोडली. टाके स्वच्छ होते. त्यांनी टाक्यांवरून कापूस फिरवला.

"अण्णा, मला एक सांगायचंय."

"आधी मी बोलतो," मलप्पा म्हणाला. "आमचंच चुकलं, बाई. तुमच्या घरी मयत झाली आणि आमी फाटकातूनच माघारी फिरलो, बसायलाबी आलो न्हाई. भावकीतलं माणूस गेलं म्हणल्यावर दारात येऊन बसायची रीत हाय. पायाच्या नादात राहून गेलं. राग धरू नका. मास्तर म्हणले बिलोलीला वारले म्हणून. कोण होते? लई म्हातारे होते का?"

रुक्मिणबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. शिवम्मा चहाचं आधण सोडून दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, सांत्वनाला घेतात तसा.

सुकन्या मशीनचं चाक हातानं फिरवत होती. तिनं ते थांबवलं आणि आजीच्या तोंडाकडं पाहिलं.

"आजी, सांग की. आपलं कोण मेलं होतं?"