जमायची जागा

"शिट्टी झाली की सगळ्यांनी पूर्वेच्या गेटवर जमायचं," ऋषीसाहेबांनी भोंग्यातून सांगितलं. तसा राघू वस्तीवरच्या माणसांपुढं हात आडवे करून उभा राहिला.

"तिकडं कुणी जायचं न्हाई."

निमगाव सावाच्या माळावरचा सोलर प्लांट तो. काचांच्या रांगा, आणि मधोमध बॅटऱ्यांचे आठ पांढरे कंटेनर, एकेक ट्रकएवढा. राघूच्या बापजाद्यांनी याच माळावर मेंढरं चारली, आणि राघू आता निळा शर्ट घालून तिथंच वॉचमन. आज आगीची तालीम होती. वस्तीवरची चाळीसेक माणसं बोलावलेली. गेटवर मंडप, खुर्च्या, पुण्याहून आलेले दोन साहेब आणि चहा.

प्लांटचा मॅनेजर ऋषी तरातरा आला. "राघू, काय तमाशा लावलायस?"

"साहेब, बॅटरी पेटली तर लवकर इझत न्हाई, धूर इषारी असतो, हे तुमीच शिकवलं. चैतात दुपारचं वारं मावळतीकडनं येतं. म्हंजी धूर जाणार गेटवर. माणसं काय धूर खायला गोळा करताय व्हय?"

"प्लॅन मंजूर झालाय. तज्ज्ञांनी केलाय."

"वाऱ्याला दाखवला का?"

मागं बाया फिसकन हसल्या. राघूची बायको बानूबाई तेवढी हसली नाही. "अवो, गप ऱ्हावा. नोकरी जाईल."

"जाऊ दे. दुसरी घावंल."

ऋषीनं आवाज खाली आणला. "हे बघ राव, नुसती तालीम आहे. पाच मिनिटं. फोटो काढू, मोकळे होऊ."

"आज पाय जिकडं वळत्याल, तिकडंच त्या दिशी वळत्याल. घाबरल्यालं माणूस इचार करत न्हाई, साहेब. मेंढरागत पळतं."

"आमाला मेंढरं म्हंतो का रं?" शेजारचा गोरख ओरडला.

"न्हाई बाबा. मेंढरांला राग यील."

शिट्टी झाली. राघू वळला आणि मावळतीच्या टेकाडाकडं चालू लागला. मागं बघितलंसुद्धा नाही. आधी गोरख निघाला शिव्या घालत, मग बानूबाई, मग सगळी वस्ती.

कुणीतरी कंटेनरजवळ तालमीसाठी आणलेला धुराचा डबा पेटवला. नारिंगी धूर पुरुषभर उठला, वाकला आणि सरळ गेटाकडं लोळत गेला. मंडप दिसेनासा झाला. खुर्च्या पडल्या, साहेब खोकत, डोळे चोळत बाहेर पळाले. टेकाडावर कुणी हसलं नाही. आपलं खरं ठरलं याचा आनंद असा काही राघूलाही झालाच नाही.

संध्याकाळी ऑफिसात ऋषीनं कागद पुढं सरकवला. "तालीम यशस्वी झाली असा रिपोर्ट गेलाय. तू आदेश मोडलास, तेवढी माफी लिहून दे. ठेवून घेतो तुला."

"आन् जमायची जागा बदलनार?"

"ते पुण्याहून ठरेल."

"तवर आग थांबल का?"

ऋषीनं कागदावर पेन ठेवला. राघूनं निळा शर्ट काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि बनियनवर बाहेर पडला.

घरी न जाता तो बयाबाईच्या दारात गेला. वस्तीवरची सगळ्यात म्हातारी बाई. गुडघ्यांपायी तालमीला न आलेली ती एकटीच. शोधत शोधत बानूबाई मागनं आली. बनियनकडं बघितलं आणि काय ते समजली.

"आत्ये, उठ. टेकाडावर जायचंय."

"आत्ता? काय पेटलं का रं?"

"पेटलं न्हाई तवरच."

"आन् माजं गुडगं?"

"मी हाय की. बानू, मोबाईलात टाइम बघ."

राघूनं तिच्या काखेत हात घातला. म्हातारी चार पावलं चढायची, थांबायची, राघूच्या सात पिढ्या उद्धरायची, पुन्हा चढायची. दोनदा दगडावर बसली. वर पोचल्यावर ती मटकन खाली बसली.

"बावीस मिनिटं," बानूबाई म्हणाली.

"लई झाली." राघूनं खाली वस्तीकडं बघितलं. "आत्ये, दम घे. खाली जाऊ, आन् परत चढू."