चार पदरांवरचे टाके

देवपुरात ललितभाऊंचं छोटं युनिट आहे. विजेच्या खांबांवर चढणाऱ्या लाइनमनसाठी तिथे सेफ्टी बेल्ट शिवले जातात. चार मशिनी, पाच बायका आणि मशिनी सांभाळायला आधारनाना. शिल्पा तिथे सात वर्षांपासून कामाला आहे. पट्ट्याला जिथे लोखंडी कडी बसते, तो जोड फक्त तीच शिवते. जाड पट्ट्याचे चार पदर तिथे एकावर एक येतात आणि खांबावर मागे रेललेल्या माणसाचा सगळा भार त्या जोडावर पडतो.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी तिला जोडावर एक टाका सुटलेला दिसला. सारख्या टाक्यांच्या ओळीत मधेच एक लांब धागा. तिने सुई बदलली, दोरा पुन्हा ओवला आणि त्याच जागेवरून दुसरी ओळ मारली. वरून काही कळत नव्हतं. चोवीस बेल्टांचा लॉट पारोळ्याला जायचा होता, टेम्पो दारात येऊन थांबला होता. ती कोणाला काही बोलली नाही.

बुधवारी दिवसभर वीज नव्हती. गुरुवारी सकाळी त्याच मशीनने एका जोडावर तीन टाके सोडले, तेव्हा तिने पायाखालचं पेडल सोडलं आणि नानांना हाक मारली.

नानांनी हातचाक हळूहळू फिरवून पाहिलं. एकेक टाका नीट पडत होता. मशीन चांगली आहे, तूच पट्टा ओढतेस, असं ते म्हणाले. शिल्पा मशीनवर बसायला शिकली ती नानांच्या हाताखाली, त्यामुळे तिने ऐकून घेतलं. पण वेगात चालवली की मशीन पुन्हा टाका सोडी. दोन पदर घातले तर सगळं सरळ, चार पदर घातले की टाका गायब. शेवटी तिने मशीन बंद केली, सुईखालची पट्टी काढली आणि स्वतः वाकून पाहिलं. खालून दोरा पकडणाऱ्या हुकचं टोक सुईला जवळजवळ घासूनच जायला हवं, मध्ये कागदभरही जागा नको. इथे तर दोघांच्या मधून खालचा उजेड दिसत होता. जाड पट्ट्यात शिरताना सुई जराशी वाकत होती आणि तिच्या मागचा दोरा हुकला सापडतच नव्हता.

हा हुक सोमवारी बदलला होता. बसवला होता नानांनी.

तिने नानांना बघायला सांगितलं. ते वाकले. फट नाही, सगळं बरोबर आहे, म्हणाले. पण शिल्पा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते हुककडे बघतच नव्हते. त्यांची मान थोडी वळलेली होती आणि नजर हुकच्या बाजूला, मशीनच्या पायावर होती.

‘‘नाना, तुम्हाला दिसतंय का?’’ तिने हळू विचारलं.

नाना फडक्याला हात पुसू लागले. ‘‘दोन महिना व्हयनात, पोरी. नजरम्हा काया डाग शे. बाजूनं तेवढं दिखस.’’

नजरेच्या मधोमध काळा डाग, म्हणून हुक त्यांनी नुसत्या बोटांच्या अंदाजाने बसवला होता. चाळीस वर्षं तीच बोटं चुकली नव्हती, म्हणून आताही चुकणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांचे हात थांबले. मंगळवारचा लॉट याच मशीनवर झाला ना, असं त्यांनी विचारलं. शिल्पा हो म्हणाली. तिला अजून एक गोष्ट सांगायची होती, पण ती तोंडातून बाहेर पडली नाही.

ललितभाऊंना नानांनीच जाऊन सगळं सांगितलं. भाऊंचा चेहरा उतरला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण ते घाबरले होते. कडी बदलून द्यायची आहे असं सांगून माल परत मागवू, उगाच बोभाटा कशाला, असं त्यांनी सुचवलं. नानांनी नकारार्थी मान हलवली. ‘‘खरं कारण सांगशात तरच त्या आंगवरना बेल्ट काढतीन.’’

भाऊंनी पारोळ्याला ठेकेदाराच्या माणसाला, तोतारामला, फोन लावला आणि खरं तेच सांगितलं. एकवीस बेल्ट गोडाऊनमध्येच होते. तीन सकाळी लाइनवर गेले होते. पाच मिनिटांत तोतारामचा उलटा फोन आला. दोघं खाली उतरले आहेत, नवल मात्र आज एकटाच आहे आणि फोन उचलत नाही. खांबावर असला की तो कधीच उचलत नाही. तोताराम स्वतः जळगावला होता. नवल कोणत्या रस्त्यावर काम करतोय तेवढं त्याने सांगितलं.

भाऊंनी गाडी काढली. शिल्पा न विचारता पुढे जाऊन बसली. पारोळा येईपर्यंत ती नवलचा नंबर लावत होती. रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची.

गावाच्या पुढे कपाशीच्या शेताकडेला तो दिसला. खांबाच्या टोकाशी, दोन्ही हात तारांच्या कामात, अंग पूर्ण मागे टाकलेलं. भाऊ ओरडायला गेले. शिल्पाने त्यांचा दंड धरला. माणूस दचकला तर बेल्टला झटका बसेल, हे तिच्या ध्यानात आलं. ती खांबापाशी चालत गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘नवलभाऊ, आधी खांबाला मिठी मारा. बेल्टवर भार देऊ नका. मग हळू उतरा.’’

त्याने खाली पाहिलं. मग कमरेकडे पाहिलं. खांबाला मिठी मारली आणि एकेक पाऊल चाचपत उतरू लागला. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत शिल्पा खांबाजवळून हलली नाही.

नवलने बेल्ट सोडला. जोडाखाली अंगठा घालून ओढला, तशी एक ओळ टरकन उसवली. दुसरी अर्धी धरून होती.

‘‘हे कोणी शिवलं?’’

‘‘मी.’’

‘‘शिवताना कळलं नाही?’’

मशीनचा दोष होता, असं भाऊ सांगू लागले. शिल्पा मध्येच बोलली. ‘‘एका बेल्टवर कळलं होतं. मी वरून दुसरी ओळ मारली आणि गप्प बसले. तो हाच की दुसरा, मला सांगता येत नाही.’’

नवल बांधावर जाऊन बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘सकाळपासून हा सहावा खांब.’’

दुसऱ्या दिवशी चोवीस बेल्ट वजन टांगून तपासले. नऊ उसवले. भाऊंनी शिल्पाला काढलं नाही, पण जोडाचं काम तिच्याकडून काढून घेतलं. आता प्रत्येक बेल्ट वजन टांगूनच बाहेर जातो आणि हुक बसवायला चाळीसगावहून माणूस येतो.

नानांना डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपायची. नानांनी कामावर येणं सोडलं. शिल्पा भेटायला गेली तेव्हा पहिल्यांदा ते बाहेरच आले नाहीत. दुसऱ्यांदा तिने दारातच मंगळवारची गोष्ट सांगून टाकली. नाना बाहेर आले.

‘‘मी डोया लपाडात, तू टाका लपाडा,’’ ते म्हणाले. मग नवल कुठे राहतो ते त्यांनी विचारलं.

रविवारी दोघं एसटीने पारोळ्याला गेले. उतरताना शिल्पाने नानांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. नवलने खुर्च्या दिल्या. त्याच्या बायकोने, ज्योतीने, चहा आणला आणि ती आत न जाता उंबऱ्यातच उभी राहिली. हुक मी बसवला होता, नानांनी सांगितलं. माफी हा शब्द त्यांनी काढला नाही.

नवलने ऐकून घेतलं. रागावला नाही. नवीन बेल्ट मिळालाय, चांगला आहे, म्हणाला. रोज सकाळी तो बांधतो, दोन्ही हातांनी ओढून बघतो आणि खांबाला हात लावतो.

‘‘आणि मग जोडीदाराला सांगतो, तू चढ. अकरा दिवस झाले.’’

शिल्पाच्या हातातला चहा तसाच निवत गेला.