भिंगरीची हाक

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी घालायला दोघी लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. झटका द्यायचा, ताणायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. थोरलीच्या समोरच्या टोकाला गेलं वर्षभर तिची भावजय असते. तिला सगळ्या भिंगरी म्हणतात. हे नाव ठेवलं तेही थोरलीनंच.

धुलाईघरातल्या बायकांचा रग्बीचा संघ थोरलीनं उभा केला होता. ओल्या टॉवेलच्या गुंडाळ्या करून तिनं एकेकीला पास शिकवले. एकीचं लग्न ठरलं, संघातल्या तेरा जागांपैकी एक रिकामी पडली, तेव्हा नव्या भावजयीला हाताला धरून मैदानावर नेलं. "धावता येतं ना? मग झालं. बाकीचं मी बघते."

बाकीचं बघायची वेळच आली नाही. भिंगरी जी सुटली ती सुटलीच. विभागीय महिला स्पर्धेत एकामागून एक संघ मागे पडले आणि धुलाईघर अंतिम सामन्याला पोचलं. घड्यांच्या टेबलावर दिवसभर तिचंच कौतुक. इस्त्रीवरची मावशी तर वाफेतून गुणगुणायला लागली,

"मीच लाविली ग वेल, मीच घातलं ग पाणी
फुललेल्या वेलीपाशी, मला विचारीना कोणी."

"मावशी, वाफ डोक्यात गेली का?" थोरली म्हणाली. सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली, निर्मळ, आणि तेच थोरलीला बोचलं. पोरीत काही खोट सापडली असती तर रागाला बसायला पाट तरी मिळाला असता.

भावाचंही तेच. पूर्वी कुंपणाला लटकून "ताई! ताई!" करत घसा बसवून घ्यायचा. आता बायकोची जर्सी स्वतःच्या हातानं धुतो, दोरीवर उलटी टाकतो, रंग उडू नये म्हणून. ताईची जर्सी बादलीत भिजत पडलेली असते.

अंतिम सामना. या खेळाची रीतच निराळी. बॉल घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा तो मागून येणारीला; पुढे फेकलेला चालत नाही. सहा वेळा अडवलं की बॉल समोरच्यांचा. धुलाईघर दोन गुणांनी मागे, पाच वेळा अडवून झालेलं, रेषा हाकेवर. रेषेपलीकडे बॉल टेकवला की सामना आपला.

थोरलीनं बॉल उचलला आणि निघाली. समोरून दोघी अंगावर आल्या. उजवीकडे मोकळं रान. आणि खांद्यामागून हाक आली, "वन्सं! उजवीकडे!"

कुंपणावर भाऊही ओरडत होता. ताई नव्हे, भिंगरी.

थोरलीनं बॉल काखेत दाबला.

रेषेच्या वीतभर अलीकडे दोघींनी तिला मातीत लोळवलं. बॉल गेला. थोड्या वेळानं शिट्टी झाली आणि सामनाही गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना. बॉयलरवाले काका संघाला शिकवायचे. ते दारातून म्हणाले, "उजवीकडे चिटपाखरू नव्हतं. हाक का नाही दिली कुणी?"

भिंगरी बुटाची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "माझंच चुकलं, काका. दम लागला होता. हाकच फुटली नाही."

"असू दे गं राणी," मावशीनं आपला कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. एकीनं पाठ थोपटली, एकीनं पाणी दिलं. थोरली कोपऱ्यातून बघत होती. गुडघा सोलवटला होता तिचा, आणि पाणी चाललं होतं तिकडे. जिंकताना सगळं हिचं. निदान हरणं तरी माझं असायला हवं होतं!

"खोटं बोलते ही," थोरली म्हणाली.

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"ओरडली होती ती. उजवीकडे म्हणून ओरडली. मी ऐकलं. नाही दिला."

"अगो बाई! पण का?" मावशीनं तोंडावर हात ठेवला.

"सगळं तिलाच का म्हणून?"

भिंगरीनं बूट भिंतीवर फेकला. "वन्सं, मी तुम्हाला वाचवत होते!"

"मी मागितलं होतं वाचवायला?"

"नव्हतं मागितलं! मी मात्र बॉल मागितला होता!" तिचा आवाज चिरकला. "नव्या घरात मला काय होतं हो? हा एक खेळ, तोही तुम्ही दिलेला. तुमच्या पाठीवरचा आकडा बघत धावते मी. तो हलला की कळतं कुठं वळायचं. आणि तुम्ही माझ्यावर जळता?"

"जळते," थोरली म्हणाली. "जर्सीपासून जळते."

"कुठली जर्सी?"

"तो धुतो ती."

भिंगरीनं कपाळावर हात मारला. "ती? अहो, एकदा गरम पाण्यात घालून माझी आकसवली त्यानं. पोट उघडं पडत होतं. तेव्हापासून शिक्षा आहे ती!"

मावशी फिसकन हसली. मग दुसरी. काकांनी दाराबाहेर तोंड फिरवलं. थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. गुडघ्यावरची माती नखानं काढत बसली.

भिंगरी एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "पुढच्या मोसमात नाही दिलात ना बॉल, तर हातातून ओढून घेईन. एकाच संघात असलो तरी."

थोरलीनं मान वर केली. डोळे लाल, हनुवटी ताठ.

"ओढून दाखव," ती म्हणाली.