दिवसभर चूक काढायची नाही

लिमोजहून मोंतोरेलला निघताना गाडीतच मी अर्मांकडून वचन घेतलं. आज आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, आज तू कोणाचीही चूक काढायची नाहीस. एकाचीही नाही. नवरा माझा इतिहासाचा मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खडू काही हातातून सुटलेला नाही. मागच्या खेपेला मोंतोरेलच्या मध्ययुगीन जत्रेत तो एका सरदाराशी त्याच्या शिरस्त्राणावरून इतका भांडला, की आम्हाला गोड न खाताच उठावं लागलं. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते.

तर त्यानं वचन दिलं. इतक्या पटकन दिलं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

कारण खरं सांगायचं तर या वसंतापासून मला एक काळजी लागली होती. अर्मां विसरायला लागला होता. चष्मा फ्रिजमध्ये, नातवाला कुत्र्याच्या नावानं हाक, एकदा तर पाव आणायला गेला आणि टपाल तिकिटं घेऊन आला. आमची लेक मायेल रोज फोन करून विचारते, आज बाबा कसे आहेत. डॉक्टरांनी तपासणीसाठी सोमवारची वेळ दिली होती. अर्मां त्यावर विनोद करायचा आणि मी हसायचे, पण रात्रभर डोळा लागायचा नाही.

मोंतोरेलला जत्रेच्या दिवशी जुना वेष केल्याशिवाय वेशीतून आत सोडत नाहीत. मला बऱ्यापैकी झगा मिळाला. अर्मांच्या वाट्याला भिक्षूचा अंगरखा आला, त्याला पुढून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकची चेन. त्यानं चेनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ती वर ओढली. मी मनात म्हटलं, शाब्बास.

तटावर वाटाड्या पोरगी सगळ्यांना सांगत होती, की इथून शत्रूच्या डोक्यावर उकळतं तेल ओतायचे. अर्मां एरवी अशा वेळी तेलाचा त्या काळचा भाव सांगायला सुरुवात करतो. आज तो दरीकडे बघत उभा राहिला. त्याचे कान तेवढे लाल झाले होते.

दुपारी चौकात लांबच लांब बाकांवर जेवणाची पंगत बसली. 'राजा लुईच्या काळातली मेजवानी' असा भला मोठा फलक, आणि पानात काय, तर कासुले म्हणजे घेवडा-मांसाचं कालवण, बटाटे, टोमॅटो आणि टर्की. यातली एकही गोष्ट त्या तेराव्या शतकातल्या राजानं जन्मात पाहिली नव्हती, हे माझ्यासारखीलाही चाळीस वर्षं ऐकून पाठ झालंय. अर्मां शांतपणे खात होता. घेवडासुद्धा.

समोर लील शहरातलं एक तरुण जोडपं बसलं होतं, ब्लांदीन आणि तिबो, नवीनच लग्न झालेलं. तुम्ही दोघं इथेच भेटलात का, असं तिनं कौतुकानं विचारलं. म्हटलं, भेटलो नाही, पण लग्नाचं इथेच ठरलं. आणि गोष्ट सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या दिवशी धो धो पाऊस होता.

पाऊस कसला. उन्हानं दगड तापले होते. मी अर्मांकडे पाहिलं. तो पाव मोडत होता.

बाई गं! हा वचन पाळतोय की याला आठवतच नाहीये? मी मुद्दाम आणखी एक खोटं सोडलं, माझा फ्रॉक लाल होता म्हणून. काही नाही. मग म्हटलं, यानं तिथे मंडईच्या छपराखाली गुडघ्यावर बसून मला मागणी घातली. ब्लांदीननं गालाला हात लावला. आणि अर्मांनं चक्क मान डोलावली.

मग मला राहवेना. लाजबिज गेली खड्ड्यात, माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडायला लागलं.

"अर्मां, बोल रे बाबा," मी म्हटलं. "वचन गेलं चुलीत. काय चुकलं ते सांग."

"सगळं सांगू?"

"सगळं."

त्यानं तोंड पुसलं, पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली. पण मास्तर तो मास्तर. सकाळपासून क्रमानं. आधी चेन. मग तेल, त्याचा भाव, तेलाऐवजी काय ओतायचे ते. मग घेवडा कोणत्या समुद्रावरून कधी आला. तिबोनं काटा खाली ठेवला. टोमॅटो झाला, बटाटा झाला, बटाट्याला तर पाच मिनिटं लागली. मी आपली हातरुमाल पिळत बसले होते, हा आमच्या गोष्टीपर्यंत पोचतोय की नाही म्हणून. आयुष्यात मला बटाट्याचा इतका राग आला नव्हता.

"आता तू," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "पाऊस नव्हता. पंधरा ऑगस्ट, कडक ऊन. फ्रॉक हिरवा, तोही तुझ्या बहिणीचा. पाठीवरचं एक बटण तुटलं होतं, तिथे तू सेफ्टी पिन लावली होतीस आणि ती सुटत आली होती. म्हणून मी इथवरचा अख्खा चढ तुझ्या मागून चाललो, कोणाला दिसू नये म्हणून. आणि मागणी तू घातलीस. मी फक्त हो म्हटलं. गुडघ्यावर कोणीही बसलं नव्हतं."

"मग मघाशी मान कशाला डोलावलीस?" मी रडत रडतच ओरडले.

"वचन दिलं होतं ना," तो म्हणाला. "आणि बसायला हवं होतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलंय."

ब्लांदीननं मला आपला रुमाल दिला. त्या दिवसाचा दाखला देऊन चाळीस वर्षं मी गावभर सांगत आले होते, की हा माणूस चढावर दमतो, बायकोच्या मागे पडतो. सोमवारी डॉक्टर काय सांगायचं ते सांगोत. ती पिन मला स्वतःला आठवत नव्हती.