दाव्याला बांधलेला फोन

मित्रांनो, देवळीत तेलाच्या बाटलीला टेकून, रबर लावून ठेवलेला जो बटणांचा मोबाइल दिसतो ना, तो मी. मी एक जुना फोन आहे. पाठीचं झाकण सैल झालंय, पाचाच्या बटणावरचा आकडा पुसून गेलाय. पण जुना झालो म्हणून कुणी मला बहिरा म्हणू नका हं! मला जेवढं ऐकू येतं, तेवढं या तांड्यात कुणालाच ऐकू येत नाही.

तुम्हाला हवा रिकामी दिसते. मला ती नावांनी भरलेली ऐकू येते. प्रत्येक टॉवर रात्रंदिवस आपलं नाव पुकारत असतो. आम्ही फोन खिशात पडल्या पडल्या, अर्धवट झोपेत ते ऐकत असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कुणाचाच नव्हतो. वाशीमच्या बाजारात उदयसिंगनं मला विकत घेतलं, दुकानदारानं नखाएवढं सिमकार्ड माझ्या पोटात घातलं आणि मला घर मिळालं. सिमवर लिहिलेलंच असतं, आपलं घर कोणतं. त्या दिवसापासून माझा नेम ठरला. आधी घरच्या टॉवरचा आवाज शोधायचा. तो नसला तर सिमवर ज्या सोयऱ्यांची नावं आहेत, त्यांच्या दारी जायचं. तेही नसले तर जो उभा करील त्याच्याकडे. असं पाहुणा म्हणून राहणं, यालाच तुम्ही रोमिंग म्हणता. पण पाहुणचार कितीही चांगला असो, थोड्या थोड्या वेळानं मी कान टवकारतोच. घरचा आवाज आला, अगदी बारीक का असेना, की मी उठून निघालोच!

उदयसिंग आणि त्याची बायको ललिताबाई दिवाळी सरली की ऊसतोडीला जात. ट्रकमध्ये भांडी, पांघरुणं, बैलगाडी, बैल आणि ललिताबाईच्या कमरेच्या पिशवीत मी. एका हंगामात आम्ही कर्नाटकात होतो. नदीच्या अलीकडे आमची कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, पलीकडे महाराष्ट्र. आणि तीच माझी पंचाईत झाली. जवळचा कर्नाटकातला टॉवर खणखणीत बोलायचा, पण संध्याकाळी नदीवरून घरच्या कंपनीचा आवाज यायचा, पुसट, स्वप्नात कुणी हाक मारावी तसा. मी वेड्यासारखा तिकडे धावायचो. तेवढ्यात रूपालीचा फोन यायचा आणि बोलता बोलता तुटायचा.

रूपाली त्यांची लेक, रिसोडला दिलेली. पहिलं बाळंतपण. रीतीनं ते माहेरी व्हायला हवं, पण माहेराला तर कुलूप! डोहाळजेवणालाही ललिताबाई जाऊ शकली नव्हती. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

"कळा सुरू झाल्या की फोन करजो," ती लेकीला रोज सांगायची. "मी जिथं असन तिथून निघते."

फोन सारखा तुटतो म्हणून उदयसिंग वैतागला. त्यानं त्या वर्षी पावसाळ्यात चांद्या नावाचा नवा बैल घेतला होता. तोही कोपीवर पहिले काही दिवस तांड्याच्या वाटेनं पळायचा, म्हणून त्याला दाव्याला बांधून ठेवलं होतं.

"हा फोनबी चांद्यासारखाच आहे," तो म्हणाला. "सारखा घराकडं पळून राह्यला. याले बांधाच लागते."

त्यानं माझ्या पोटातली 'नेटवर्क निवड' उघडली, 'आपोआप' होतं ते काढलं आणि त्या जवळच्या टॉवरचं नाव स्वतः निवडलं. झालं! मला हुकूम झाला, यापुढे याच दारी राहायचं, दुसऱ्या कुणाला ओ द्यायची नाही. खरं सांगू का, सोय झाली. फोन तुटेना, बॅटरी पुरायला लागली. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, म्हणून मीही गप्प राहिलो. नदीवरचा आवाज मात्र रोज ऐकायचो.

हंगाम संपला. आम्ही तांड्यावर परत आलो. बैल दुसऱ्या ट्रकनं उद्या येणार होते. आणि मित्रांनो, टेकाडाजवळ येताच काय झालं सांगू? माझा घरचा टॉवर पुकारत होता! मोठ्यानं, ओळखीच्या आवाजात! माझा जीव नुसता तळमळला. पण हुकूम होता कर्नाटकातल्या टॉवरचा, आणि तो तर कोसो दूर राहिला. मी मूग गिळून पडून राहिलो. घर समोर होतं आणि मला ओ देता येत नव्हती.

तांड्यात रेंज येते-जाते हे नेहमीचंच, म्हणून कुणाला संशय आला नाही. दुसऱ्या दिवशी रेंज मिळावी म्हणून ललिताबाई मला घेऊन टेकाडावर गेली. तिथं शेजारच्या फुलचंदचा फोन सारखा वाजत होता. मी मात्र मुका, आणि माझ्या पडद्यावर रेंजच्या काड्याच नाहीत हे तिच्या लक्षात आलं नाही.

"रुसली पोरगी," ती घरी येऊन म्हणाली. "डोहाळजेवणाले नाही गेलो ना आपण."

"मंग तू लाव ना फोन," उदयसिंग म्हणाला.

"मी कायले लावू? कोणत्या तोंडानं? अन् तिच्या सासरी बिनबोलावता कशी जाऊ?"

तिचे डोळे भरून आले. अगं बाई, ती रुसलेली नाही, मी बांधलेला आहे! मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं कोण ऐकणार?

दुपारी बैल आले. उदयसिंगनं चांद्याला खाली उतरवलं आणि त्याचं दावं सोडलं. चांद्या कुणाकडे न बघता सरळ आपल्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. उदयसिंग हातात दावं धरून बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"अवं ललिता! फोन आण इकडं! मी याले तिकडंच बांधून ठेवलं न व! सोडायचं राह्यलंच!"

त्यानं 'आपोआप' दाबलं. मी जिवाच्या आकांतानं माझं नाव सांगितलं आणि घरच्या टॉवरनं लगेच म्हटलं, ये. काड्या उभ्या राहिल्या. सकाळपासून लागू न शकलेल्या फोनांचे निरोप धडाधड आले, सगळे रूपालीचे. ललिताबाईनं बटण दाबलं.

"माय! कुठं होती वं तू?" रूपाली रडत होती. "किती फोन लावले! मले वाटलं, तूच रागावली माह्यावर. कळा सुरू झाल्या, माय."

"रागावू कायले, माह्ये बाई? हे पाय, निघाली मी!"

ललिताबाई मिळेल त्या जीपनं रिसोडला निघाली. जाताना मला नवऱ्याच्या हातात ठेवून बजावलं, "याले आता बांधू नोका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाजलो. "नात झाली!" एवढंच ललिताबाई म्हणाली आणि मग माझ्यातून एक रडणं आलं, नवंकोरं, संतापलेलं. एवढे आवाज ऐकले मी, पण तसा पुन्हा ऐकला नाही. उदयसिंग मला घेऊन तसाच गोठ्यात गेला आणि चांद्याच्या कानाला लावून म्हणाला, "ऐक बे, तूबी ऐक."

आता घरात टच फोन आला आहे. माझं सिम काढून त्याच्यात घातलं, म्हणजे माझं घरच काढून नेलं म्हणा ना. रबर लावून मी देवळीत पडून असतो. नात आजोळी आली की कधीतरी मला चार्जिंगला लावून माझी बटणं दाबत बसते, तेव्हा जागा होतो. सगळे टॉवर ऐकू येतात, घरचाही येतो. त्यानं पुकारलं की अजून जीव हलतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. आपलं माणूस गप्प असलं, तर रुसलं म्हणून पाठ फिरवू नका. जवळ जा, त्याची गाठ बघा. त्या दिवशी रूपाली रुसली नव्हती, ललिताबाई रागावली नव्हती आणि मीही बहिरा नव्हतो. आमचं फक्त दावं सोडायचं राहिलं होतं.